उबाळे बाईंची बाजू

उबाळे बाईंना कधीही वेळेवर येता आलं नाही, आणि तरी सगळे त्यांचीच वाट बघायचे. माझी वाट कोणी बघत नसे. मी नेहमी आधीच आलेली असायचे.

आमची मराठी मंडळी रविवारी दुबईत, जेबेल अलीच्या चर्च कंपाउंडमध्ये भरते. हॉल एक आणि मंडळ्या अनेक. आमच्याआधी मल्याळी, आमच्यानंतर फिलिपिनो. आम्ही शेवटचं गीत म्हणत असतो तेव्हा त्यांचा गिटारवाला दारात तारा जुळवत उभा असतो. अशा ठिकाणी कोणीतरी घड्याळ सांभाळावं लागतं. ते काम माझं. मी सेक्रेटरी. शास्त्रवाचन कोणाचं, चहा कोणाचा, हॉलची चावी कोणाकडे, हे सगळं माझ्या फोनमधल्या एका तक्त्यात असतं. रंगांसकट.

बाई शारजात अल मजाजला राहायच्या आणि तिथल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवायच्या. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. गाडी नव्हती. दोन बस आणि मेट्रो करून त्या पोचायच्या तेव्हा पहिलं गीत संपत आलेलं असायचं. दार करकरायचं, सगळ्यांच्या माना वळायच्या, आणि पर्समधून शेंगदाणे सांडत बाई आत यायच्या. तळहातावर निळ्या पेनने काहीतरी लिहिलेलं. फोन बंद पडायच्या बेतात. मी त्यांना दोनदा पॉवर बँक आणून दिली. पहिली त्यांनी बसमध्ये कोणाला तरी देऊन टाकली. दुसरीचं काय झालं ते त्यांनाही सांगता आलं नाही. हातात घड्याळ कधीच नसायचं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, "शाळेत घंटा असते, इथं तुम्ही आहात."

हे कौतुक होतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या येण्याआधी तरुण संघाचा वर्ग चार वर्षं मी घेत होते. उपासना झाली की बाजूच्या छोट्या खोलीत. माझ्याकडे हजेरी होती, रंगीत वर्कशीट होत्या, वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवलेले विषय होते. मुलं समोर बसून मांडीवरच्या फोनमध्ये बघायची. मग पाळक साहेबांनी मला जरा विश्रांती द्यायचं ठरवलं. मी विश्रांती मागितली नव्हती. वर्ग बाईंकडे गेला, आणि महिन्याभरात पाळक साहेब मलाच विचारत आले की खुर्च्या कमी पडतायत, काही करता येईल का. मी खुर्च्या मिळवून दिल्या. मल्याळी मंडळीच्या सेक्रेटरीशी बोलून.

बाईंचं सगळं शिकवणं एका प्लास्टिकच्या लिंबावर चालायचं. स्वयंपाकघरात लावतात तसला टायमर, लिंबाच्या आकाराचा, पिळला की टकटकत फिरणारा. नियम एकच. ज्याचा राग येतो, त्याची बाजू आधी मांडायची. दोन मिनिटं, मनापासून, चेष्टा न करता. "आपली बाजू काय, झोपेतसुद्धा मांडता येते, लेकरा," असं त्या म्हणायच्या. लिंबू वाजलं की म्हणायच्या, "खलास." इतकी वर्षं इथे राहून त्यांना आलेलं अरबी एवढंच असावं.

एकदा एका मुलाने वडिलांची तक्रार आणली. रात्री नऊनंतर वायफाय बंद करतात म्हणून. बाईंनी त्याला वडील व्हायला लावलं. पहिली काही वाक्यं त्याने बापाची नक्कल केली, सगळे हसले. मग तो बोलता बोलता ड्युटीच्या शिफ्टवर आला, पहाटे उठण्यावर आला, आणि लिंबू वाजायच्या आतच खाली बसला. त्याच्या आईने मला नंतर विचारलं, बाई असं काय शिकवतात हो? मी म्हटलं, मला काय माहीत, माझ्याकडे त्यांचा सिलॅबस आलेला नाही.

माझी मुलगी रिबेका त्या वर्गात होती. सतरा वर्षांची, इथेच जन्मलेली. आमचं घर अल बर्शाला. घरात मी मराठी बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. जेवायला ये म्हटलं की "मॉम, टू मिनिट्स." उपासनेला काय घालणार विचारलं की "मॉम, इट्स फाइन." इथल्या सगळ्याच मुलांचं असं आहे, असं आम्ही आया एकमेकींना सांगतो.

आता पाट्यांबद्दल सांगायला हवं.

इथे इमारती, हॉटेलं, बागा, सगळीकडे दोन जाती असतात. फॅमिली आणि बॅचलर. फॅमिली म्हणजे बायकामुलं इथे असलेला माणूस. बॅचलर म्हणजे एकटा राहणारा, मग त्याची बायकामुलं गावाकडे का असेनात. आमच्या मंडळीत दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या कामगार-कॅम्पमधून वीस-पंचवीस माणसं यायची. जालना, बीड, नगरकडची, बांधकामावर काम करणारी. त्यांची बस उशिरा यायची, म्हणून ती मागे बसायची. पुढच्या बाकांवर 'फॅमिली' अशा पाट्या असायच्या, लॅमिनेट केलेल्या. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला, पुढच्या बाकांपासून सुरू व्हायचं आणि मागे संपायचं. ही व्यवस्था मी येण्याआधीपासून होती. मी फक्त पाट्या नवीन करून घेतल्या होत्या.

एका रविवारी प्रकाश नावाचा शटरिंगचा सुतार कोणाच्या तरी गाडीने लवकर आला आणि पुढच्या बाकाशी गुडघे टेकून प्रार्थना करू लागला. माझे यजमान विल्सन त्या दिवशी दाराशी स्वागताला होते. त्यांनी हळूच जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "प्रकाश, जरा मागे बसतोस का? फॅमिलीवाले येतील आता." आवाजात काही वाईट नव्हतं. प्रकाश लगेच उठला, सॉरी सर म्हणाला आणि मागे गेला.

बाई नेमक्या त्या दिवशी वेळेवर आल्या होत्या. वर्षातून एकदा यायच्या, तो तोच दिवस. त्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "मनीषाताई, ह्याला तीन लेकरं आहेत. हा बॅचलर कसा?" मी म्हटलं, इथे नाहीत ना. त्या म्हणाल्या, "माझं तर कोणीच नाही इथं. मग मी कोण?" आणि त्या मागे जाऊन प्रकाशशेजारी बसल्या. त्यानंतर कायम तिथेच.

पुढच्या आठवड्यापासून वर्गात अमेरिका आली. गुलामीच्या काळात तिथल्या मंडळ्या आणि पाळक काय बोलत होते, हा विषय. मला वाटलं होतं की वाईट मालक आणि चांगले पाळक अशी गोष्ट असेल. रिबेका गाडीत सांगायची ते वेगळंच होतं. तेव्हा ती इंग्रजीत सांगायची, पण सांगायची तरी. गुलाम ठेवणं देवाला मान्य आहे असं छातीवर हात ठेवून सांगणारे पाळक होते, शिकलेले, प्रेमळ, स्वतःच्या मंडळीचे लाडके. त्यांच्याकडे शास्त्रातली वचनं होती. कुलपित्यांच्या घरी दास होते. पळून आलेल्या दासाला धन्याकडे परत पाठवतानाचं ते छोटं पत्र होतं. दुसऱ्या बाजूच्या पाळकांकडेही शास्त्रच होतं. देवाने सगळी माणसं एकाच रक्ताची केली. पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नये असा नियमही त्याच शास्त्रात. आणि ह्या दोघांच्या मधे खूप मोठा गट होता, जो म्हणत होता की हा विषय राजकारणाचा आहे, मंडळीत आणू नका, मंडळी फुटेल. "बाई म्हणतात, मोस्ट पीपल वेअर इन द मिडल," रिबेका म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

बाई म्हणतात. दिवसातून किती वेळा मी हे दोन शब्द ऐकले असतील.

नाताळाआधी तरुण संघाने उपासनेनंतर सगळ्यांसमोर वादसभा करायचं ठरवलं. मंडळीच्या एका धर्मसभेचा प्रसंग: गुलाम बाळगणारा पाळक पदावर राहू शकतो का? चिठ्ठ्या न टाकता बाईंनी भूमिका वाटल्या, आणि रिबेकाला त्या पाळकाची बाजू दिली. मी बाईंना फोन केला. म्हटलं, आमच्या मुलीला दुसऱ्या बाजूने ठेवा, तिला जमेल ते. त्या म्हणाल्या, "तिला ह्याच माणसाचा सगळ्यात जास्त राग येतो. म्हणून." मग त्यांचा फोन बंद पडला.

सराव बाईंच्या घरी व्हायचा. मी सोडायला आणि आणायला.

त्या रविवारी हॉल भरलेला होता. पुढे आम्ही, मागे कॅम्पवाले. रिबेका पांढरा शर्ट घालून उभी राहिली. लिंबू टकटकायला लागलं. आणि माझी मुलगी मराठीत बोलू लागली. स्वच्छ, सावकाश, एकही इंग्रजी शब्द न घेता. मी तिची आई, आणि मला माहीतच नव्हतं की तिला एवढं येतं.

ती म्हणाली, "बंधूंनो, माझ्या मनात कोणाचा द्वेष नाही. मी त्यांना शास्त्र शिकवतो. आजारी पडले तर बघायला जातो. त्यांना देवळाबाहेर ठेवत नाही. त्यांची जागा मागे आहे, पण छप्पर एकच आहे. प्याला तोच आहे, फक्त आमच्यानंतर. व्यवस्था असावी लागते. देव व्यवस्थेचा देव आहे."

मला आधी अभिमान वाटला. तेवढ्यात कोणीतरी पाटीकडे बघितलं, आणि मग सगळेच बघायला लागले. लिंबू वाजलं. बाई मागच्या बाकावरून म्हणाल्या, "खलास."

दुसऱ्या बाजूचा मुलगा काय बोलला ते कोणाच्याच लक्षात नाही. शेवटी प्रकाशने हात वर केला आणि विचारलं, "ताई, मग त्या सभेत ठरलं काय?"

"मंडळी फुटली," रिबेका म्हणाली. "उत्तरेची वेगळी, दक्षिणेची वेगळी."

"आरारा," तो म्हणाला. "मग चहा कोणाकडं?"

सगळे हसले, सुटल्यासारखे. दारातला गिटारवालाही हसला, त्याला काही कळलं नव्हतं तरी.

पण कमिटीत हसणं नव्हतं. परक्या देशात पाहुणे आहोत आपण, असले विषय कशाला, असं एकाने म्हटलं. आम्हाला टोमणा होता, असं दुसऱ्याने. बाईंनी यापुढे नाताळच्या गीतांचा सराव घ्यावा असं ठरलं, आणि हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी नको म्हटलं नाही.

मी मुद्दे काढून शारजाला गेले. रिबेका अभ्यासाच्या नावाखाली सकाळपासून तिथेच होती. बाईंच्या घराचं दार उघडंच असायचं. आतून आवाज आला. "बाई, मी सोलू राहिले ना, तुम्ही बसा." लसूण सोलत होती. आमच्या घरी तिने लसणाला कधी हात लावला नव्हता. आणि तो हेल. नगरकडचा, बाईंचा. मी नाशिकची, माझे यजमान पुण्याचे. आमच्या घरात कोणी असं बोलत नाही. मी दारात उभी राहून ऐकत राहिले. ती शाळेतल्या कोणाची तरी गंमत सांगत होती, लांबलचक, मधेच हसत. मला अशी गोष्ट तिने कुठल्याच भाषेत सांगितली नव्हती.

मी आत गेले तशी ती म्हणाली, "हाय मॉम."

मी तिला खाली गाडीत बसायला पाठवलं आणि कमिटीचा निरोप दिला. बाईंनी बशीत चहा ओतून घेतला, ऐकून घेतलं. वाद घातला नाही. म्हणाल्या, ठीक आहे, गीतं घेऊ. मग ओट्यावरचं लिंबू उचललं. "पण मनीषाताई, एकदा मला त्या पाट्यांची बाजू सांगा. तुमच्याइतकी नीट कोणी सांगणार नाही."

मला हे टाळता आलं असतं. पण नीट सांगणं ही माझी आवड आहे. मी सांगितलं. कॅम्पची बस उशिरा येते, मधे उठबस होते. लहान मुलं पुढे असली तर आयांना बाहेर नेता येतं. आपल्याला हॉल वेळेत सोडायचा असतो. कोणाला कमी लेखायचा प्रश्नच नाही. लिंबू वाजायच्या आधी माझं संपलंसुद्धा.

"छान मांडलंत," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच तसं वाटलं होतं. "त्या पाळकांनीही असंच मांडलं होतं. त्यांच्या मनात तरी कुठं राग होता? सोय होती." त्यांनी पुन्हा लिंबू पिळलं. "आता उलट बाजू."

मी म्हटलं, माझं पार्किंग संपतंय.

ते खरंच संपत होतं. शारजात दंड लगेच लागतो.

पुढच्या रविवारी पाट्या माझ्या गाडीच्या डिकीतच राहिल्या. दर वेळी मीच लावायचे, त्या दिवशी बाहेर काढल्या नाहीत एवढंच. कोणी विचारलं नाही. लोक आले तसे बसले. कॅम्पची बस आली तेव्हा जिथे जागा होती तिथे माणसं शिरली. काही जण सवयीने मागेच गेले. पाळक साहेबांनी त्या दिवशी प्रभुभोजन दाराकडून सुरू केलं. उपासना संपल्यावर तीन-चार बायकांनी जाऊन बाईंचे हात हातात घेतले. बरं झालं बाई, तुमच्यामुळे झालं, असं म्हणाल्या. बाईंनी मान हलवली आणि त्यांना शेंगदाणे दिले.

पाट्या माझ्या डिकीत होत्या, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

त्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. नोकरी संपली की इथला व्हिसा संपतो, सगळ्यांचा तसाच. त्यांनी नगरला परत जायचं ठरवलं. आणि त्याच महिन्यात रिबेकाने जेवताना सांगितलं की तिला कॅनडा नको, पुण्यात इतिहास शिकायचाय. कॅनडाच्या तीन कॉलेजांचा तक्ता मी दोन वर्षांपासून भरत होते. विल्सन म्हणाले, पुण्यात आजी आहे, चांगलंच आहे. मी म्हटलं, आणि पुण्यापासून नगर किती जवळ, नाही का? रिबेकाने ताटातून मान वर केली नाही. "मॉम, प्लीज," एवढंच.

मला रडू आलं नाही. मी उठून तक्ता मिटवला.

बाईंना विमानतळावर सोडायला आम्ही दोघी गेलो. सामानाची यादी मीच करून दिली होती आणि वजनही करून घेतलं होतं. तरी बाई खाली उतरल्या त्या बगलेत एक भलंमोठं ब्लँकेट घेऊन. कॅम्पवाल्यांनी वर्गणी काढून दिलेलं, वाघाचं चित्र असलेलं, कुठल्याच बॅगेत न मावणारं. मी म्हटलं, हे कुरिअरने पाठवू. त्या म्हणाल्या, "प्रकाशला सांगितलंय, पहिल्या रात्री हेच पांघरीन."

विमानतळावर चेक-इन झालं. रिबेकाच्या गळ्यात पडून त्या काहीतरी बोलल्या, मला ऐकू येणार नाही इतकं हळू. त्यांनी पर्समधून लिंबू काढून तिला दिलं. तिचे डोळे भरून आले होते. मी पासपोर्ट आणि बोर्डिंग पास त्यांच्या हातात दिले, कारण ते त्या काउंटरवर विसरून आल्या होत्या.

मग बाई माझ्याकडे वळल्या.

"मनीषाताई, तुमची एक बाजू राहिलीय."

मला वाटलं, पाट्यांबद्दल बोलतायत. म्हटलं, आता पाट्या कुठे राहिल्यात.

"पाट्यांची नाही," त्या म्हणाल्या. "माझी. तुम्हाला माझा राग येतो ना?"

मी नाही म्हणायला हवं होतं. रिबेका बघत होती. मी म्हटलं, "माझी मुलगी तुमच्याशी बोलते. माझ्याशी बोलत नाही."

"ही तक्रार झाली," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातलाच होता. "बाजू मांडा. दोन मिनिटं. मनापासून."

तेवढ्यात मागच्या कुटुंबाची ट्रॉली पुढे आली आणि बाईंना आत सरकावं लागलं. काचेच्या पलीकडे गेल्यावर त्या थांबल्या. वाघ एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतला, मोकळा हात वर केला आणि घड्याळ नसलेल्या मनगटावर बोट आपटलं. एकदा, दोनदा. मग पासपोर्टच्या रांगेकडे वळल्या.

मला वाटत होतं की हे सगळं मी गाडीत बसून, नीट विचार करून, मुद्दे काढून ठरवीन. शेजारी टकटक ऐकू आली. रिबेकाने लिंबू पिळलं होतं. तळहातावर धरून ती माझ्याकडे बघत होती.

"बोल ना, आई," ती म्हणाली. "टायमर फिरू राहिलाय."

हेल बाईंचाच होता. त्याचा मला त्या क्षणीही राग आला. पण आई ती मला म्हणाली होती.

काचेपलीकडे वाघाचं तोंड रांगेतून हळूहळू पुढे सरकत होतं. "उबाळे बाईंना," मी म्हटलं, "कधीही वेळेवर येता आलं नाही." आणि बोलत राहिले.